अस्मानी रंग आणि कोटितीर्थाचे आभाळ
‘आस्मान’ म्हणजे आकाश या फारसी शब्दावरून मराठीत आलेला ‘अस्मानी’ हा शब्द ‘अस्मानी-सुलतानी’त संकटाचा वाचक असला, तरी रंगपेटीत तो फिकट निळ्या छटेचे नाव होतो. चित्रकारांची ‘सेरुलियन’ नावाची अशी छटा कोबाल्ट व कथील यांच्या संयुगापासून बनते, आणि जलरंगात तिचे कण कागदाच्या खळग्यांत बसत असल्यामुळे सपाट लेपाऐवजी दाणेदार, धूसर निळाई उमटते. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकलेले, शाहू महाराजांचा आश्रय लाभलेले आबालाल रहमान यांनी १९३१मधील निधनापूर्वी कोल्हापुरातील कोटितीर्थ या तळ्याच्या परिसराची जी निसर्गचित्रे रंगविली, ती या शहराच्या चित्रपरंपरेचे खरोखर मोठे धन आहेत. तळे रंगविताना पाण्यात उतरलेले आभाळ वरच्या आभाळाहून किंचित गडद ठेवावे लागते, कारण पाणी सगळा प्रकाश परत करीत नाही.