सफरचंदाची उलटी तार्त

फ्रान्समध्यें ऑर्लेआंच्या दक्षिणेस लामोत-बोव्रों नांवाचें लहानसें गांव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्टेफनी व कॅरोलीन तातँ या भगिनी तेथें हॉटेल चालवीत. त्यांच्या हातून तार्त चुकून उलटी झाली, ही आख्यायिका गोड खरी. पण तिच्यावर फारसें विसंबूं नये.

जळगांव-धुळ्यास खरी अडचण उन्हाळ्याची. मे महिन्यांत पारा 44 अंशांवर गेला कीं मैद्यांतलें लोणी हातांतच वितळतें व पारी खुसखुशीत होत नाहीं. म्हणून हा पदार्थ पौष-माघांत करावा. 200 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम थंडगार लोणी, चिमूटभर मीठ व जेमतेम पाणी. गोळा अर्धा तास गार ठेवावा.

जाड बुडाच्या लोखंडी कढईंत 100 ग्रॅम साखर कोरडीच वितळवावी. तिला गडद मधाचा रंग येतांच 60 ग्रॅम लोणी घालावें. क्षणभराच्या हयगयीनें पाक कडू होतो. त्यावर सहा घट्ट, आंबटसर सफरचंदांच्या फोडी दाटीनें रचाव्या. पिठूळ फळाचा मुरंबा होईल, तार्त नव्हे! मंद आंचेवर पंधरा मिनिटें शिजल्यावर पारी पसरून कडा आंत खोचाव्या व 190 अंशांवर 35 मिनिटें भाजावें. पांच मिनिटांनीं, गरम असतांनाच ताटांत उलटावी. निवल्यास साखर कढईसच धरून बसते.

चांगलें सफरचंद न मिळाल्यास रावेर-यावलचीं केळीं घ्यावीं. जळगांवच्या केळ्यास 2016 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे. मात्र तीं किंचित् कच्चीं असावीं व पाकांत आधीं शिजवूं नयेत.