मिठात विरघळलेले पाणी



कामगारांच्या लढ्यात उमर घालवल्यावर आम्हांस एवढे कळले आहे, की धोका टाळण्याचे मार्ग दोन. भिंतीवर ‘सावधान’ अशी पाटी लावणे हा एक. आणि धोक्याचा पदार्थच बदलणे हा दुसरा. पाटी स्वस्त पडते, म्हणून ती सर्वत्र दिसते. आग लागली की ठपका मात्र पाटी न वाचणाऱ्यावर येतो! आज दुसऱ्या मार्गाची हकीगत सांगावयाची आहे.

मोबाइलमध्ये आणि विजेच्या स्कूटरमध्ये असते ती लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली. तिच्या दोन ध्रुवांमधला द्रव ज्वालाग्राही असतो. मार बसला वा ती फार तापली, की तो पेट घेऊ शकतो. मग तेथे पाणीच का घालू नये? अडचण अशी, की १.२३ व्होल्टच्या पुढे पाणी फुटून त्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन होऊ लागतात. आणि या बॅटरीस तर साडेतीन व्होल्टहून अधिक हवेत.

२०१५ साली अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठ व तेथील लष्करी संशोधन प्रयोगशाळा यांतील शास्त्रज्ञांनी एक किलो पाण्यात सुमारे सहा किलो लिथियमचा क्षार विरघळवला. पाण्यात मीठ नव्हे, मिठातच पाणी! हा द्राव सुमारे तीन व्होल्टपर्यंत टिकला.

असे का व्हावे? रेणूंची ही हालचाल डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ती संगणकावर मांडतात. प्रत्येक अणूवर शेजाऱ्यांची ओढ किती, रेटा किती, हे काढावयाचे. सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग केले तर त्यांतल्या एकदोन भागांत तो जेवढा हलेल तेवढा हलवावयाचा. आणि पुन्हा तेच गणित, लाखो वेळा. द्रवरूप पाण्याचे असे गणित १९७१ साली हैदराबादेत जन्मलेले अनीसुर रहमान आणि त्यांचे सहकारी स्टिलिंजर यांनी अमेरिकेत मांडले, ते अवघ्या २१६ रेणूंचे.

या गणिताने उलगडा केला. पातळ द्रावात एका लिथियम आयनाभोवती पाण्याचे सुमारे चार रेणू असतात. या दाट द्रावात वाट्याला तिनाहूनही कमी येतात. मोकळे पाणी फार थोडे उरते. शिवाय ऋण ध्रुवाशी पाण्याच्या आधी क्षारच मोडतो आणि लिथियम फ्लोराइडचे पातळ कवच धरतो. ते कवच पाण्याला फुटू देत नाही.

तथापि हुरळून जाण्याचे कारण नाही. हा क्षार महाग आहे, त्यात फ्लोरीन आहे, आणि अशा बॅटरीत वीजही कमी साठते. गणितही शेवटी प्रयोगाने पारखावे लागते.

परंतु संगणकास काय विचारावे, हे माणूसच ठरवतो. ‘सर्वांत स्वस्त कोणती?’ हा प्रश्न विचारणारे पुष्कळ आहेत. ‘न पेटणारी कोणती?’ हा प्रश्न, जे बॅटरी बनवतात आणि जे ती घरात ठेवून निजतात, त्यांनी विचारला पाहिजे. तो आपण येथून विचारू या.