स्क्रू पिळल्याने इंजिनाची ताकद वाढते का?



भाताची झोडणी उरकली की आपल्या चारोटी-कासा भागात मिरची, वांगी आणि भाजीपाल्याची लगबग सुरू होते. सूर्येच्या कालव्याचे पाणी ज्यांच्या बांधाला लागते त्यांचे ठीक आहे. बाकीच्यांचा भरवसा ओढ्यावर किंवा विहिरीवर बसवलेल्या डिझेल इंजिनावर. हे इंजिन जरा दमल्यासारखे वाटले, की सल्ला देणारे चार जण भेटतात. कुणी म्हणतो पंपाचा स्क्रू पिळ, कुणी म्हणतो डिझेलात रॉकेल घाल, कुणी म्हणतो एअर क्लीनर काढून टाक. जीपला, ट्रॅक्टरला आणि चिकू-भाजी वाहणाऱ्या पिकअपलाही हेच उपाय सांगतात. यात खरे किती, ते आज बघू.

आधी इंजिनाचे पोट समजून घ्या. 1 किलो डिझेल पुरते जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. साध्या इंजिनाचा पिस्टन दर खेपेला ठरावीकच हवा ओढतो. चुलीत लाकडे कोंबली आणि वारा मिळाला नाही, तर आच वाढते का? धूरच होतो. इंजिनाचेही तसेच आहे.

इंजेक्शन पंपाचा सील लावलेला स्क्रू म्हणजे एका फवाऱ्यात जास्तीत जास्त डिझेल किती जावे याची मर्यादा. तो पिळला तर सुरुवातीला थोडा जोर वाढल्यासारखा वाटतो, आणि थोडा वाढतोही. कारण कारखान्याने धूर व उष्णता आटोक्यात राहावी म्हणून हात राखून डिझेल दिलेले असते. पण पुढे जास्तीचे डिझेल अर्धवट जळते, काळा धूर येतो. न जळलेले डिझेल लायनरवरून खाली उतरून ऑइल पातळ करते. हेड तापते, गॅस्केट जाते, रिंगा झिजतात. ऐन माघात इंजिन खोलून पडले, तर फुलावर आलेली मिरची आठ दिवस थांबत नाही.

काही जण गव्हर्नर ताणून फेरे वाढवतात. पाण्याच्या पंपाचा हिशोब इथे ध्यानात घ्या. फेरे दहा टक्के वाढवले तर पाणी फार तर दहा टक्के वाढते, पण ताकद एक-तृतीयांश जास्त लागते. म्हणजे पाणी थोडे आणि डिझेल फार.

आता रॉकेल. लिटरमागे रॉकेलात डिझेलपेक्षा उष्णता थोडी कमीच असते, मग ताकद वाढेल कुठून? शिवाय इंजेक्शन पंपाला वेगळे ऑइल नसते, डिझेलच त्याचे वंगण. रॉकेल पातळ व कोरडे, त्यामुळे पंपाचा प्लंजर आणि नोझल झिजतात. विक्रीच्या डिझेलात रॉकेल मिसळणे हा तर गुन्हाच आहे.

एअर क्लीनर काढला की आवाज मोठा होतो आणि ताकद वाढल्याचा भास होतो. स्वच्छ क्लीनर हवा फारशी अडवत नाही. तो काढल्यावर आत जाते ती धूळ, आणि धूळ लायनरला कानशीसारखी घासते.

डिझेलच्या पाईपला चुंबक बांधणे किंवा टाकीत गोळी टाकणे हेही असेच. अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संस्थेने 1970 नंतरच्या काळात अशी शंभराच्या आसपास साधने तपासली. अगदी थोड्यांनी किंचित फायदा दाखवला. आपल्या देशातही 1996 साली तामिळनाडूतल्या रामर पिल्लै यांनी वनस्पतींपासून पेट्रोल बनवतो असे सांगून मोठी खळबळ उडवली होती. 2016 साली न्यायालयाने त्यांना फसवणुकीबद्दल शिक्षा दिली.

नव्या गाडीवाल्यांना वेगळी सूचना. 1 एप्रिल 2020 पासूनच्या भारत स्टेज-सहा गाड्यांत किती डिझेल सोडायचे ते संगणक ठरवतो. तिथे घरगुती छेडछाड किंवा भेसळ केली तर इंजेक्टर व धुराचा फिल्टर बिघडतो आणि हमीही हातची जाते.

मग करायचे काय? गेलेली ताकद परत आणायची. एअर क्लीनर साफ करा. त्यात ऑइल असेल तर ते बदला. डिझेल कापडातून नव्हे, बारीक जाळीतून गाळून भरा. डिझेल फिल्टर वेळेवर बदला. नोझलचा फवारा आणि टॅपेटचे अंतर जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घ्या. फवाऱ्यासमोर हात धरू नका. त्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला 200 किलोच्या आसपास असतो, डिझेल कातडीत घुसते.

पुष्कळदा दोष इंजिनात नसतोच. फूटव्हॉल्व्ह गळतो, सक्शनच्या सांध्यातून हवा घेते, पट्टा घसरतो, पाईपला नको तितके बेंड असतात. पंप पाण्यापासून 6 मीटरपेक्षा उंच ठेवू नका.

कुणी नवी युक्ती सांगितली तर वाद घालू नका, मोजून बघा. टाकी काठोकाठ भरा, बरोबर एक तास इंजिन चालवा, आणि पुन्हा भरताना डिझेल मापाने मोजा. 200 लिटरचे पिंप किती सेकंदांत भरते तेही लिहून ठेवा. युक्ती करण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा. चांगल्या स्थितीतले 5 अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण 1 ते सव्वा लिटर डिझेल घेते. त्याहून फार जास्त लागत असेल तर दुरुस्तीची वेळ झाली.

लक्षात ठेवा :
1. काळा धूर म्हणजे हवा कमी, नोझल खराब किंवा भार जास्त.
2. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, रिंगा तपासा.
3. पंपाचे सील तोडू नका.
4. डिझेलात डिझेलच घाला.

मापाने पटेल ते करा, नुसत्या सांगण्यावर स्क्रूला हात लावू नका.