परदेशातलं घर



आपल्या छत्रपती संभाजीनगरातलं एखादं मूल शाळेच्या गटाबरोबर परदेशी निघतं.
दिवसा सहल.
मुक्काम मात्र तिथल्या एका कुटुंबात.
हाच होमस्टे.

याची गोष्ट मोठी सुंदर आहे.
पहिल्या महायुद्धात काही अमेरिकी स्वयंसेवक रुग्णवाहिका चालवत.
त्यांची संघटना एएफएस.
दुसरं महायुद्ध संपलं,
आणि १९४७ मध्ये याच संघटनेनं शाळकरी मुलांची देवाणघेवाण सुरू केली.
पुढे कालच्या शत्रुदेशांतली मुलंही एकमेकांच्या घरी राहू लागली.

म्हणून मुलांनो, लक्षात ठेवा.
तिथं तुम्ही पाहुणे नाही,
घरातलेच आहात.
जेवण झालं, की आपलं ताट उचला.
बाहेर जाताना सांगून जा.
शाकाहारी असाल, तर आधीच कळवा.
भेट म्हणून आपली हिमरू शाल न्या.
सुती-रेशमी विणीतली वेलबुट्टी बघता बघता गप्पा सुरू होतात.

पालकहो, मुलाचा पासपोर्ट आजच काढून बघा.
लहान मुलांच्या पासपोर्टची मुदत लवकर संपते.
कित्येक देश सहा महिने शिल्लक मागतात.

आणि मुलं तिथं पोचली, की तासातासाला फोन नको.
ती परक्या घरी पाहुणी नाहीत,
घरातलीच आहेत.
रात्रीचा एक फोन पुरे.