मूत्रपिंडाचा आकडा आणि आपली संप्रेरके
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आनंदाच्या दिवशी आजारपणाचा विषय काढते, याची प्रथम क्षमा मागते. पण हल्ली घरोघरी रक्ततपासणीचा कागद येतो आणि त्यावरच्या एका आकड्याने अन्न गोड लागेनासे होते. तो आकडा क्रिएटिनिनचा.

आपल्या स्नायूंत रोज क्रिएटिनिन तयार होते आणि मूत्रपिंडे ते गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. गाळणे मंदावले की ते रक्तात साचते. म्हणून आकडा वाढला की मूत्रपिंडे बिघडली, असे आपण धरून चालतो. पुष्कळदा ते खरेही असते. पण नेहमी नव्हे. हे मी घरातल्याच माणसाच्या बाबतीत चूक करून शिकले.

माझ्या धाकट्या जावेचा चेहरा सुजू लागला. सारखी थंडी वाजे, केस गळत, शौचास साफ होईना. क्रिएटिनिन आले १.५. मी डॉक्टर; पण सूज आणि आकडा पाहून माझीही दृष्टी तेवढ्यावरच खिळली. मी तिचे वरण बंद केले. दोन महिने ती बिचारी मुलांकडे पाहून डोळे पुसत होती. पुढे एका तज्ज्ञांनी थायरॉईडची तपासणी करविली. गळ्यातली ती ग्रंथी अगदी मंदावली होती! थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली आणि चार महिन्यांत आकडा ०.९ वर उतरला.

असे का व्हावे? थायरॉईडचे संप्रेरक कमी पडले की हृदयाचे काम मंदावते, मूत्रपिंडांकडे रक्त कमी जाते आणि गाळणे कमी होते. उलट ही ग्रंथी अतिरेक करू लागली की गाळणे वाढते, स्नायू झडतात आणि क्रिएटिनिन कमी दिसते. त्याआड मूत्रपिंडाचा खरा रोगही लपू शकतो. सिस्टॅटिन सी नावाची दुसरी तपासणी आहे, तिची तऱ्हा उलटी: ग्रंथी मंद असता ती कमी येते, जोरात असता जास्त.

आता लेकी-सुनांसाठी सांगते. दिवस गेले की संप्रेरकांमुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि मूत्रपिंडांचे गाळणे सुमारे दीडपट होते. क्रिएटिनिन मग साधारण ०.४ ते ०.८ पर्यंत उतरते. कागदावर १.० हा आकडा ‘ठीक’ म्हणून छापलेला असेल. पण गर्भारणीच्या बाबतीत तो डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावा. सोबत रक्तदाब वाढला, डोके दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर घटकाभरही थांबू नये.

मात्र माझ्या बोलण्याचा उलट अर्थ घेऊ नका. मधुमेह आणि रक्तदाब हीच मूत्रपिंडे बिघडण्याची मोठी कारणे आहेत. थायरॉईडचे निमित्त करून कोणी औषध सोडू नये. मागणे एवढेच, की आकडा वाढलेला दिसला तर ‘थायरॉईड पाहिले का?’ असे विचारावे, दिवस गेले असतील तर आपण होऊन सांगावे, आणि शेजारणीच्या सल्ल्याने, किंवा डॉक्टर जावेच्याही घाईने, पथ्य सुरू करू नये.

आजच्या पंगतीत वरण वाढायला माझी तीच जाऊ उभी आहे. तिच्या हातचे वरण घेताना माझी चूक आठवा, म्हणजे ती तुमच्या घरी होणार नाही.