तेरा भाग आणि बारा पंच



अवघें तेरा भागांचें आयुष्य लाभलेल्या एका अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेविषयीं मी आज आपणांशीं बोलणार आहें. तिचें नांव 'लॉ अँड ऑर्डर : ट्रायल बाय ज्यूरी'. आपणांपैकीं बहुतेकांनीं तें नांव ऐकलेंही नसेल, आणि ज्या थोड्यांनीं ऐकलें असेल ते एव्हांना विसरूनही गेले असतील. २००५ च्या मार्चमध्यें ती सुरू झाली आणि मे महिन्यांत तिचा कारभार आटोपला. असल्या अल्पायुषी वस्तूवर अर्धी घटका खर्च करण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. प्रयोजन आहे, पण तें मी शेवटीं सांगेन, कारण माझ्या स्वतःच्या एका कृत्याशीं त्याचा संबंध आहे आणि तें सांगावयास जीभ सहजीं वळत नाहीं.

मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. कायद्याचें पुस्तक मीं कधीं उघडलेलें नाहीं. २००७ सालच्या दिवाळींत न्यू जर्सीस राहणारा माझा भाचा घरीं आला, तेव्हां त्यानें या मालिकेच्या तबकड्यांचा संच आणला. "मामा, तुम्हांला कोर्टकचेरीच्या गोष्टी आवडतात ना?" एवढेंच म्हणून त्यानें तो माझ्या हातीं ठेवला. अमेरिकेंतील माणसें ज्या वेगानें इंग्रजी बोलतात तें माझ्या आटोक्याबाहेरचें. परंतु पडद्याच्या तळाशीं अक्षरें उमटत, तीं वाचीत आणि अडला शब्द कोशांत पाहत मीं ते तेराही भाग पाहिले.

या मालिकेची वंशावळ प्रथम सांगितली पाहिजे. डिक वुल्फ नांवाच्या निर्मात्यानें १९९० सालीं एनबीसी या वाहिनीवर 'लॉ अँड ऑर्डर' ही मूळ मालिका आणली. तिची घडण अगदीं साधी होती. तासाभराच्या खेळांत पूर्वार्ध पोलिसांचा व उत्तरार्ध सरकारी वकिलांचा. न्यूयॉर्क शहरांत गुन्हा घडतो, पोलीस आरोपीस धरतात, आणि मग वकील त्याच्यावर खटला भरतात. पात्रांच्या घरगुती सुखदुःखांस तेथें फारशी जागा नव्हती. नट येत, नट जात, परंतु घडण तीच राही. आणि या घडणीच्या बळावर ती मालिका २०१० पर्यंत वीस वर्षें चालली व २०२२ मध्यें पुन्हां सुरूही झाली. एवढ्या मोठ्या वृक्षास फांद्या फुटल्यावांचून कशा राहतील? १९९९ मध्यें पहिली फुटली, २००१ मध्यें दुसरी. मूळ खोड धरून २००५ मध्यें फुटलेली ही 'ट्रायल बाय ज्यूरी' चौथी. नांव मात्र उसनें होतें. गिल्बर्ट व सलिव्हन या जोडीचें ह्याच नांवाचें एक विनोदी संगीत नाटक लंडनच्या रंगभूमीवर १८७५ सालीं आलें होतें. त्यांत ज्यूरीची यथेच्छ थट्टा आहे. या मालिकेंत थट्टेचा लवलेशही नाहीं.

नटसंच असा होता कीं केवळ त्याच्या जोरावर ती तरावी. प्रमुख सरकारी वकील ट्रेसी किब्रे हिची भूमिका बीबी न्यूवर्थ या नामांकित अभिनेत्रीकडे होती. तिच्या वरिष्ठाच्या जागीं फ्रेड थॉम्पसन होते, आणि हे गृहस्थ मोठे नवलाचे! ते खरोखरीचे वकील. वॉटरगेट प्रकरणाची चौकशी करणाऱ्या सिनेटच्या समितींत १९७३ सालीं त्यांनीं वकिली केली; पुढें टेनेसी राज्यातर्फे स्वतः सिनेटर झाले; आणि तेथून उठून दूरचित्रवाणीवर सरकारी वकिलाचें सोंग घेऊन बसले. इतकेंही करून त्यांचें समाधान झालें नाहीं, २००७ मध्यें ते राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतींत उतरले. खऱ्या कोर्टांतून खोट्या कोर्टांत आणि तेथून पुन्हां राजकारणांत असा हा प्रवास पाहिला म्हणजे रंगभूमीचा पडदा नक्की कोठें टांगलेला आहे हें कळेनासें होतें.

पण माझें मन गुंतलें तें जेरी ऑर्बाक या नटांत. मूळ मालिकेंत बारा वर्षें त्यांनीं लेनी ब्रिस्को नांवाचा वयस्क, थोडा कडवट, पण मनाचा ओलावा न गमावलेला पोलीस अधिकारी रंगविला होता. तीच भूमिका घेऊन ते या नव्या मालिकेंत आले. पोलिसांतून निवृत्त झालेला ब्रिस्को आतां सरकारी वकिलांचा तपासनीस झाला आहे, अशी योजना होती. त्या वेळीं त्यांस कर्करोगानें ग्रासलें होतें. दोन भागांचें काम त्यांनीं पुरें केलें, आणि २८ डिसेंबर २००४ रोजीं ते वारले. मालिका सुरू झाली ३ मार्च २००५ ला. म्हणजे लोकांनीं त्यांस पाहिलें तें मृत्यूनंतर दोन महिन्यांनीं. त्या दोन भागांत त्यांचा आवाज खोल गेलेला आहे, चेहरा ओढलेला आहे, तरी एक वाक्य ते वाया जाऊं देत नाहींत. त्यांनीं नेत्रदान केलें होतें व त्या नेत्रांमुळें दोघांस दृष्टि मिळाली, हें मला मागाहून समजलें. आणखी एक योगायोग सांगतों. १९७५ मध्यें 'शिकागो' या संगीत नाटकांत याच ऑर्बाकनीं ज्यूरीच्या डोळ्यांत धूळ फेकणाऱ्या धूर्त वकिलाची भूमिका प्रथम केली होती; आणि पुढें १९९६ मध्यें तें नाटक पुन्हां रंगभूमीवर आलें तेव्हां त्यांतील एका आरोपी स्त्रीची भूमिका बीबी न्यूवर्थनीं करून रंगभूमीचें मोठें पारितोषिक मिळविलें. ज्यूरीस फसविण्याची विद्या एकेकाळीं रंगविलेलीं हीं दोघें येथें ज्यूरीसमोर सत्य मांडणाऱ्यांच्या बाजूस उभीं!

आतां या मालिकेचें वेगळेपण. मूळ मालिकेंत आपण सरकारी वकिलाच्या खांद्यावरून खटल्याकडे पाहतों. आरोपीचा वकील तेथें आडवा येणारा प्रतिपक्षी एवढाच. येथें बचावाच्या वकिलाच्या कचेरींतही आपणांस नेलें जातें. साक्षीदारानें काय सांगावें, काय गाळावें, कोणता प्रश्न त्याला विचारूंच नये, याची खलबतें दोन्ही बाजूंस चाललेलीं आपण पाहतों. न्यायाधीशांच्या खाजगी दालनांत आपण जातों. आणि कांहीं भागांत, जेथें बाहेरच्या माणसास पाऊल ठेवण्याचा अधिकार नाहीं त्या पंचांच्या खोलींतही आपण जाऊन बसतों.

न्यूयॉर्कमध्यें गंभीर गुन्ह्याच्या खटल्यास बारा पंच बसतात. हे कोणी पंडित नव्हेत. नागरिकांच्या यादींतून बोलावलेलीं सामान्य माणसें. दोन्ही बाजूंचे वकील त्यांस प्रश्न विचारतात, आणि ठराविक संख्येपर्यंत कारण न सांगतां त्यांतील माणसें गाळतात. म्हणजे साक्षीपुराव्याचा पहिला शब्द उच्चारला जाण्यापूर्वींच खटल्याची अर्धी लढाई होऊन जाते. मग बाराही जणांचें एकमत व्हावें लागतें. अकरा एका बाजूस व एक दुसऱ्या बाजूस असेल तर आरोपी दोषीही नाहीं आणि निर्दोषही नाहीं. खटला पुन्हां चालवितां येतो. त्या बंद खोलींतील एका हट्टी, घाबरलेल्या, किंवा केवळ घरीं जाण्याची घाई झालेल्या माणसावर दुसऱ्याचें सारें आयुष्य टांगलेलें असतें.

आपल्याकडे ही पद्धति होती, हें आजच्या मुलांस सांगूनही पटत नाहीं. आणि आपली ज्यूरी बहुमतावर चाले. लोकमान्यांवर मुंबईच्या हायकोर्टांत १९०८ च्या जुलैमध्यें राजद्रोहाचा खटला झाला त्या वेळीं नऊ पंचांपैकीं सात युरोपियन होते व दोन पारशी. सात विरुद्ध दोन मतांनीं टिळक दोषी ठरले आणि सहा वर्षांसाठीं मंडालेस गेले. एकमताचा नियम असता तर? हा प्रश्न मीं वर्गांत अनेकदां मुलांपुढें टाकला आहे. नंतर १९५९ मध्यें मुंबईच्याच सेशन्स कोर्टांत कमांडर नानावटींचा खटला चालला. पंचांनीं आठ विरुद्ध एक मतानें त्यांस निर्दोष ठरविलें; न्यायाधीशांस तें मान्य झालें नाहीं, त्यांनीं प्रकरण हायकोर्टाकडे धाडलें आणि तेथें शिक्षा झाली. ज्यूरी बंद करावी अशी शिफारस विधि आयोगानें १९५८ मध्येंच केली होती; १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनें तिला पूर्ण निरोप दिला. माझे आजोबा तरुणपणीं पुण्याच्या सेशन्स कोर्टांत एकदां ज्यूरींत बसले होते. त्या खटल्यासाठीं शिवलेला कोट कसा होता तें ते सांगत; खोलींत काय झालें तें त्यांनीं कधींही सांगितलें नाहीं.

मालिका कां टिकली नाहीं? पहिला भाग गुरुवारीं दाखवून तिला शुक्रवारीं रात्रीं दहाची वेळ दिली, आणि त्या वेळीं तिकडचीं तरुण माणसें घरीं नसतात. एनबीसीचेही दिवस ते फिरलेले होते. हीं कारणें असतील. परंतु माझ्या मतें खरें कारण तिच्या गुणांतच आहे. दिवसभर कष्टून आलेल्या माणसास रात्रीं खात्री हवी असते. मूळ मालिका त्याला थोडी तरी खात्री देई. या मालिकेंत दोन्ही बाजूंची पाकशाळा दिसते, आणि पाकशाळा पाहिल्यावर पानांतला घास तोंडांत घालतांना हात क्षणभर थबकतो. 'लॉ अँड ऑर्डर'च्या घराण्यांतील बंद पडलेली ही पहिली मालिका. तिचा तेरावा भाग एनबीसीनें दाखविलाच नाहीं. तो २००६ च्या जानेवारींत कोर्ट टीव्ही या दुसऱ्या वाहिनीवर दाखविला गेला. कोर्टाचा उभारलेला देखावा वुल्फनींच आपल्या दुसऱ्या एका मालिकेस वापरला, आणि तीही तेरा भागांतच संपली.

आतां प्रयोजन. १९९४ सालीं मी सातवीच्या वर्गाचा वर्गशिक्षक होतों. सहलीसाठीं जमविलेले पैसे माझ्या टेबलाच्या खणांतून नाहींसे झाले. मधल्या सुटींत एक मुलगा वर्गांत एकटा होता. अंगावर विटका सदरा, वडील हमाल. मला आजोबांची ज्यूरी आठवली आणि तिचा मोह पडला. मीं वर्गांतील नऊ मुलें निवडलीं, त्यांस शेजारच्या खोलींत बसविलें, व 'तुम्हींच न्याय करा' असें सांगितलें. मला वाटलें, मी मुलांस लोकशाही शिकवीत आहें. दहा मिनिटांत तीं बाहेर आलीं. सर्वानुमतें दोषी! एकानेंही त्या मुलास एकही प्रश्न विचारलेला नव्हता, आणि नऊजण निवडतांना मीं पुढच्या बाकांवरचीं, नीटनेटकीं, माझ्या मर्जींतलीं मुलेंच निवडलीं होतीं, हें माझ्या ध्यानांतही आलें नाहीं.

चार दिवसांनीं पैसे सांपडले. खणाच्या मागल्या बाजूस फट होती, तेथून पाकीट खालीं सरकलें होतें. मी त्या मुलाच्या घरीं गेलों. वडील दारांत उभे राहिले, "गुरुजी, बसा" म्हणाले, चहा ठेवा म्हणून आंत सांगितलें. मुलगा बाहेर आला नाहीं, आणि त्यानंतर तो शाळेंतही आला नाहीं. त्याला आणावयास मी आणखी दोनदां गेलों. तिसऱ्या खेपेस त्या घराला कुलूप होतें.

तेरा वर्षांनीं, दिवाळीच्या सुटींत, पडद्यावर पंचांची रांग खोलींतून बाहेर आली. त्यांच्यांतला पुढारी उठून उभा राहिला. कारकुनानें त्याला विचारलें, आपलें एकमत झालें आहे काय? मीं यंत्र बंद केलें. भाचा शेजारीं बसला होता. तो म्हणाला, "मामा, आतांच तर निकाल लागणार होता." मीं त्याला सांगितलें कीं डोळे दुखूं लागले आहेत, उद्यां पाहूं. दुसऱ्या दिवशीं तो त्याच्या काकांकडे गेल्यावर मीं एकट्यानें तो निकाल ऐकला.