गादीचे भांडण आणि तिसऱ्याचा लाभ



चालकांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘राजघराण्यांतील वारसांची भांडणे’ असे सांगितले. ते जरा चपापले. कामगारांच्या माणसाला राजेरजवाड्यांशी काय कर्तव्य, असे त्यांना वाटले असावे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात पुष्कळ झाले. तेथे इतिहास वाचताना एक गोष्ट वारंवार दिसली. गादीवर हक्क कोणाचा, हा वाद दोन वारसांचा असतो. पण त्या वादाचा खर्च रयतेच्या खात्यावर पडतो.

उदाहरणासाठी फार लांब जावयास नको. अंबरनाथहून मलंगगडाचा डोंगर दिसतो. 1780 साली त्या गडाला इंग्रजांचा वेढा पडला होता. कल्याण त्यांनी आधीच घेतले होते. ॲबिंग्टन नावाचा कप्तान गडाच्या खालच्या माचीपर्यंत पोहोचला. वरचा गड मात्र मराठ्यांच्या शिबंदीने सोडला नाही. पुण्याच्या वाड्यातले भांडण आपल्या या डोंगरापर्यंत कसे आले?

30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि चुलते राघोबादादा गादीवर बसले. रामशास्त्री प्रभुणे यांनी त्यांना दोषी धरले. नारायणरावांची पत्नी गंगाबाई त्या वेळी गरोदर होती. 18 एप्रिल 1774 रोजी पुरंदरावर तिला मुलगा झाला आणि नाना फडणीस, सखारामबापू वगैरे बारभाईंनी त्या चाळीस दिवसांच्या मुलाला पेशवेपदाची वस्त्रे आणविली. आता एका बाजूला पाळण्यातला वारस आणि दुसऱ्या बाजूला अटकेपर्यंत गेलेला सेनापती. दादांजवळ शौर्य होते, हक्क मात्र कच्चा होता.

मुंबईकर इंग्रजांना साष्टी आणि वसई फार दिवसांपासून हवी होती. घरात भांडण लागलेले पाहून त्यांनी 1774 च्या डिसेंबरात ठाण्याचा किल्ला घेतला. पुढे 6 मार्च 1775 रोजी सुरतेस तह झाला. इंग्रजांनी अडीच हजार फौज द्यावयाची, तिचा खर्च दादांनी सोसावयाचा आणि साष्टी, वसई कायमची इंग्रजांना द्यावयाची. साष्टी म्हणजे आजचे ठाणे, मुलुंड, भांडुप, अंधेरी, वांद्रे. तिथल्या आगऱ्याला, कोळ्याला कोणी विचारले नाही. राजधानी हातात नसलेल्या माणसाने, दुसऱ्याने बळकावलेला मुलूख, त्याच दुसऱ्याला लिहून दिला!

यातले मर्म आम्हांस असे दिसते. दोन दावेदारांपैकी ज्याचा हक्क कच्चा, तो बाहेरच्याला स्वस्तात मिळतो. नाना फडणिसांकडून साष्टी मिळवावयाची तर लढावे लागले असते. दादांकडून ती एका सहीवर मिळाली. म्हणून बाहेरचा मनुष्य न्याय पाहत नाही, गरजू दावेदार पाहतो.

सात वर्षे रण चालले. 1779 च्या जानेवारीत वडगावास इंग्रजांची फजिती झाली, पुढच्या वर्षी कल्याण आणि वसई त्यांच्याकडे गेली. अखेर 1782 साली सालबाईचा तह झाला. गादी सवाई माधवरावांची ठरली, कल्याण-वसई परत आली, दादांना महिना पंचवीस हजारांचा तनखा नेमून मिळाला. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. वीस वर्षांनी दादांचे चिरंजीव दुसरे बाजीराव होळकरांच्या भीतीने वसईस आले आणि 31 डिसेंबर 1802 रोजी तेथे त्यांनी सही केली. ती सही कोठे पोहोचली, हे 1818 साली साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

हा दोष मराठ्यांच्याच रक्तात आहे, असे मात्र कोणी समजू नये. आपल्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या पट्ट्यातले वेल्डर आणि फिटर ज्या अरबस्तानात पोटासाठी जातात, तिथल्या सौद घराण्याची गोष्ट पाहा. 1865 साली अमीर फैसल वारले आणि अब्दुल्ला व सौद या दोन मुलांत जुंपली. हरू लागलेल्या अब्दुल्लाने बगदादच्या तुर्की सुभेदाराकडे मदत मागितली. 1871 साली तुर्की फौज मदतीला म्हणून आली आणि अल्-हसा प्रांत 1913 पर्यंत दाबून बसली. भावाभावांच्या झुंजीत घराणे इतके खिळखिळे झाले की 1891 साली रियाधही गेले. ते परत घ्यावयास 1902 उजाडले. 1938 मध्ये तेलाचा मोठा झरा लागला, तो याच पूर्व किनाऱ्याच्या प्रांतात.

पुढे ते घराणे काही शिकले. 1964 साली राजा सौद यांना दूर करून भाऊ फैसल यांना गादी दिली, ती घरातल्या वडीलधाऱ्यांनी आणि धर्मपंडितांनी बसून. परकी फौज बोलावली नाही. 2017 साली राजा सलमान यांनी पुतण्याला बाजूस सारून मुलाला युवराज केले. पण दोन्ही वेळा विचारविनिमय घरच्यांचाच. तेल काढणाऱ्याला मत नव्हते.

आता आमच्या धंद्याकडे येतो. कारखान्यात दोन युनियन झाल्या की ‘खरी कोणती’ हा वारसाचाच वाद असतो. या भागातल्या एका कारखान्यात आम्ही पाहिले आहे: ज्या युनियनच्या मागे मूठभर माणसे, तिलाच साहेबांनी केबिनमध्ये चहा पाजला आणि तीन वर्षांच्या करारावर सही घेतली. कामाचा बोजा वाढला, तो मात्र सर्वांचा. सुरतेच्या तहाहून हे निराळे काय आहे?

महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याने यावर तोड काढली. किमान तीस टक्के सभासद असलेल्या युनियनने औद्योगिक न्यायालयात अर्ज करावा आणि मोठ्या संख्येची युनियन मान्य व्हावी. दावा रक्तावर नाही, डोक्यांच्या मोजणीवर, ही मोठीच प्रगती. पण ती मोजणी वर्गणीच्या पावत्यांवर झाली आणि पावती पुस्तके छापखान्यात हवी तितकी मिळतात! म्हणून आम्ही गुप्त मतदानाचा आग्रह धरीत आलो.

आमचे मागणे एवढेच आहे. भांडा, मतभेद नसलेली संघटना ही बहुधा निजलेली संघटना असते. परंतु भांडण कसे मिटवावयाचे, त्याचा नियम भांडण लागण्यापूर्वी लिहून ठेवा, आणि जो हरेल त्याने एकट्याने साहेबाच्या केबिनची पायरी चढू नये. ती सही ज्यांच्या पाठीवर बसणार, त्यांना आधी विचारा. साष्टीच्या लोकांना कोणी विचारले नव्हते. आपल्याला विचारले जावे, यासाठीच तर संघटना आहे.